ऐकणाऱ्यांचं मत

हे पुस्तक माझं नाही. चाळीसच्या वर वर्षं झाली, ते माझ्या कपाटात आहे, तीन घरं बदलली तरी माझ्यासोबत आलंय, पण माझं नाही. निपाणीतल्या एका वाचनालयाचा निळा शिक्का त्याच्या पहिल्या पानावर आहे, मध्ये एका पानावर आहे आणि शेवटीही आहे. मी ते परत केलेलं नाही आणि करणारही नाही. ते वाचनालय कधीच बंद पडलं, मग परत करायचं तरी कुणाला, असं कुणी म्हणेल. तसं नाही. उद्या ते पुन्हा उघडलं तरी मी देणार नाही. पुस्तकाचं नावही इथं सांगत नाही. उगीच कुणीतरी मागायला यायचं.

परवा वडगावच्या घराला रंग द्यायला माणसं येणार होती म्हणून कपाट रिकामं करत होते. पुस्तक हातात आलं आणि मी दरवेळी करते तेच केलं, मधलं पान उघडून नाक खुपसलं. कागदाचा वास गेलाय, डिंकाचाही गेलाय. तंबाखूचा तेवढा राहिलाय. पलीकडच्या घरात यंत्रमाग दिवसभर खडखडत असतो, त्यात एरवी स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. पण या वासापुढं मागाचं काही चालत नाही. रंगारी दारात येऊन खाकरला तरी मी फरशीवर कपाटाला टेकून तशीच बसले होते.

निपाणीत तेव्हा वर्षाचे महिने वासावरून कळायचे. सुगी सरली की तंबाखूच्या गाड्या गावात शिरायच्या, वखारींतून चाळणी सुरू व्हायची आणि पिवळी धूळ रस्त्यावर यायची. एस.टी.तून उतरलेला पाहुणा आधी शिंकायचा आणि मग पत्ता विचारायचा. आम्हाला शिंका येत नसत. उन्हाळ्यात घराघरांतून भिजवलेल्या तेंदूपानांचा ओला हिरवट वास यायचा. पावसाळ्यात गोणपाटांना बुरशी धरायची आणि विहारातल्या उदबत्तीचा वास आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचा, कारण वर्षावासाचे तीन महिने तिथं रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं. एका वर्षी वाचणाऱ्या काकांचा घसा बसला आणि सहावीतल्या मला पुढं बसवलं गेलं. तेव्हापासून वाचायचं काम माझ्याकडंच राहिलं. समोर बसलेल्या बायकांपैकी निम्म्या जणींना अक्षरओळख नव्हती. पण मी एखादी ओळ गाळली की त्या लगेच टोकायच्या, कारण मागच्या वर्षी ती ओळ त्यांनी ऐकलेली असायची.

आमच्या दारासमोर एक लिंबाचं झाड होतं. दुपारी त्याखाली चार-पाच जणी मांडीवर सुपं घेऊन बिड्या वळायला बसत. पान पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, नखानं तोंड दुमडायचं आणि दोरा बांधायचा. बोटं पिवळी पडलेली, नखं झिजलेली. हात मोकळे नसायचे, कान मोकळे असायचे. मी शाळेतून आले की माझ्या वाटणीची पानं त्या आपापल्या सुपात ओढून घेत आणि म्हणत, तू वाच. मला याहून चांगला सौदा आयुष्यात पुन्हा मिळाला नाही.

त्यात माझी आई होती. ती बोलायची कमी, आणि वाचताना माझ्याकडं न बघता ऐकायची. शेवंता होती, नवी लग्न होऊन आलेली, हसायला कायम तयार. आणि चंद्राक्का होती. चंद्राक्का टांगेवाल्याची लेक आणि टांगेवाल्याचीच बायको. नवरा स्टँडवर टांगा चालवायचा, पण पाखऱ्या नावाचा त्यांचा तांबडा घोडा खरा तिच्या हाताखालचा. पहाटे मालिश ती करायची, हरभरा ती भिजवायची, खूर ती बघायची. तिच्या लुगड्याला तंबाखूचा आणि घोड्याचा असा एकत्र वास यायचा आणि मला लहानपणापासून तो आवडायचा. आमच्या समाजाची ती नव्हती. पण बिड्या वळायला लिंबाखाली यायची, आमच्याच माठातलं पाणी प्यायची आणि त्यावर कुणी काही बोललं की त्या माणसाची सात पिढ्यांची चौकशी करायची.

वाचनालय बाजारपेठेतल्या एका माडीवर होतं. माझं कार्ड कसं झालं ते आता आठवत नाही. चिटणीस तात्या, निवृत्त मास्तर, कडक इस्त्रीचा सदरा, कानावर पेन्सिल. आमच्या वस्तीतल्या पोरीला कार्ड त्यांनीच दिलं, एवढं श्रेय मी त्यांना देते. पुढचं देणार नाही. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ते एक रेघांचा कागद चिकटवत आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहीत, ‘वाचकांचे अभिप्राय’. पुस्तक वाचलं की खाली एक-दोन ओळी लिहायच्या आणि नाव घालायचं. ‘वाचनीय.’ ‘मध्यंतरी कंटाळवाणी, शेवट गोड.’ ‘भगिनींनी अवश्य वाचावी.’ लोक पुस्तक उचलून आधी शेवटचं पान बघत, कुणी काय म्हटलंय ते वाचत आणि मग न्यायचं की नाही ते ठरवत. वकिलांचं मत, डॉक्टरांच्या पत्नीचं मत, हायस्कूलच्या बाईंचं मत. गावात कुणाच्या म्हणण्याला वजन आहे, ते त्या पानांवर लिहिलेलं असायचं.

मी नववीत होते तेव्हा हे पुस्तक आणलं. इंग्रजीवरून मराठीत केलेली जाडजूड कादंबरी, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. विलायतेतल्या एका जमीनदाराचा मोठा तबेला, तिथल्या मोतद्दाराची मुलगी हेलन आणि जमीनदाराचा मुलगा एडमंड. मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, हे मला चंद्राक्कानंच सांगितलं. धुकं होतं, हिरवी कुरणं होती, काळ्याभोर घोड्यावरून दौडणारा एडमंड होता. मी त्याच्या प्रेमात पडले होते, हे लपवण्यात आता काही अर्थ नाही. रॉकेलच्या चिमणीचा वास आला की मला अजूनही ते धुकं आठवतं. निपाणीत बसून मी जेवढं धुकं पाहिलं तेवढं पुढं कुठंच पाहिलं नाही.

लिंबाखाली ती कादंबरी महिनाभर चालली. बायका ऐकायच्या, मध्येच हात थांबवायच्या, प्रश्न विचारायच्या. तिकडं पाणी कोण भरतं. एवढ्या मोठ्या घरात भाकरी कोण करतं. हेलनची आई कशानं गेली, ते लेखकानं का सांगितलं नाही. मग तो प्रसंग आला. हेलनला दुसरीकडं देणार म्हणून कळतं आणि एडमंड वादळात वीस कोस घोडा फेकत येतो. अंगणात उतरतो. घोडा फेसानं माखलेला, थरथरतोय. हेलन धावत जाऊन विहिरीचं गार पाणी बादलीभर आणते आणि घोड्याच्या पुढं धरते. घोडा घटाघट पितो, आणि ती दोघं त्याच्या मानेवरून एकमेकांकडं बघतात. ते पान मी सगळ्यांत हळू वाचलं.

चंद्राक्कानं सूप खाली ठेवलं. तिनं मला ते पान पुन्हा वाचायला लावलं आणि मग विचारलं, पुढं घोडा मेला का. मी म्हटलं, नाही, पुढच्या प्रकरणात त्याच घोड्यावरून दोघं पळून जातात. तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाली, आता ह्या लिहिणाऱ्या माणसाचं पुढलं काय खरं मानायचं.

पुस्तक संपलं त्या दिवशी मी त्यांना शेवटचा कागद दाखवला, त्यावरची नावं वाचून दाखवली. शेवंता म्हणाली, मग आमचंबी लिही की. मी वही-पेन्सिल घेऊन बसले. त्या सांगत गेल्या आणि मी शाळेतल्या शुद्ध मराठीत उतरवत गेले. ‘मुलगी फार रडते. इतकं रडायला सवड मिळते म्हणजे नशीबवान आहे. – शेवंता.’ ‘घोडा वीस कोस पळवून आणला आणि लगेच गार पाणी पाजलं. असा घोडा सकाळ बघत नाही. लिहिणाऱ्यानं घोडा पाळलेला नाही. – चंद्राक्का.’ आई सगळ्यांत शेवटी बोलली. ‘लग्नाच्या प्रकरणात मुलीचा बाप कुठं आहे?’ मी पानं उलटून पाहिली. खरंच, जमीनदाराच्या वाड्यात लग्न होतं, फुलं असतात, पाद्री असतो, मोतद्दार कुठंच नसतो. लेखक त्याला विसरला होता. महिनाभर वाचूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. वकीलसाहेबांच्या, डॉक्टरांच्या पत्नीच्या, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी तिन्ही मतं पेन्सिलीनंच त्या कागदावर उतरवली आणि पुस्तक नेऊन दिलं.

आठवड्यानं दुसरं पुस्तक घ्यायला गेले तेव्हा सवयीनं हेही उघडून बघितलं. तिन्ही मतं खोडरबरानं पुसली होती. कागदाला तिथं लव सुटली होती. मला अजूनही त्या जागेवरून बोट फिरवलं की संताप येतो. तात्यांना विचारलं तर ते न रागावता म्हणाले, अभिप्राय वाचकांचे असतात, ज्यांनी वाचलंय त्यांनी लिहावं. शिवाय पुस्तकाला तंबाखूचा वास येतो, सभासद तक्रार करतात. मी तेच पुस्तक पुन्हा माझ्या नावावर घेतलं, घरी आणलं आणि त्याच पुसलेल्या जागेवर तिन्ही मतं शाईनं लिहिली. निब कागदात अडकत होती आणि शाई पसरत होती, तरी लिहिली. मग लिंबाखाली जाऊन सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. चंद्राक्का मला आणि आईला घेऊन स्टँडवर गेली. तिचा नवरा दोन व्यापाऱ्यांना लांबच्या गावाहून घाईघाईनं घेऊन आला होता. पाखऱ्या घामानं काळा पडला होता, तोंडाला फेस होता. तिनं त्याला टांग्यातून सोडवलं, अंगावर पोतं टाकलं आणि लगाम धरून चालत बाजारपेठेत आणलं. आम्ही मागून. वाचनालयाच्या जिन्यापाशी पाय धुवायला पाण्याचा हौद होता, तिथं ती थांबली आणि मला म्हणाली, तात्यांना खाली बोलाव.

तात्या आले. वर खिडकीत वर्तमानपत्रं हातात धरून चार-पाच जण उभे राहिले. तात्यांनी मला समजावल्यासारखं तेच सांगितलं, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. चंद्राक्कानं ते नीट ऐकून घेतलं.

“तात्या, चातुर्मासात तुमच्याकडं पोथी लागती,” ती म्हणाली. “वाचता तुमी एकटं. ऐकत्यात घरातली समदी. मग पुण्य तुमा एकट्यालाच लागतंय, का त्यास्नीबी?”

खिडकीत कुणीतरी हसलं. तात्यांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले की पोथीची गोष्ट वेगळी आणि साहित्याची वेगळी, आणि तो थंड देश आहे, तिथले घोडे वेगळे, आपल्या टांग्याच्या घोड्यावरून विलायतेतल्या घोड्याबद्दल मत देणं हास्यास्पद आहे.

चंद्राक्कानं हौदावरची बादली भरली आणि त्यांच्यापुढं ठेवली. पाजा म्हणाली. आणि तात्या हट्टी होते. त्यांनी धोतर सावरलं आणि खरंच बादली उचलली. पाखऱ्यानं मान लांब केली, नाकपुड्या फुलवल्या. त्याला किती तहान लागली होती ते मला लांबून दिसत होतं. चंद्राक्कानं बादलीवर आपला तळहात आडवा धरला.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “माझं मत खरं करायला मी जनावर मारणार न्हाय.”

आता एक सांगायला हवं. अलीकडं मी कुठंतरी वाचलं की दमलेल्या घोड्याला पाणी पाजलं तर तो मरतो, ही समजूत तितकीशी खरी नाही. म्हणजे कदाचित त्या कादंबरीतला घोडा जगलाही असता. मग काय झालं? चंद्राक्काचं मत चुकलं असेल. ‘भगिनींनी अवश्य वाचावी’ हे तरी कुठं बरोबर होतं? चुकायचा हक्क काय फक्त वकिलांना असतो? हल्ली माझी भाची मोबाईलवर पुस्तकांना चांदण्या देते. कुणी एक देतं, कुणी पाच, आणि कुणीही कुणाला विचारत नाही की बाई, तू वाचलंस की ऐकलंस, आणि तुझ्या हाताला कसला वास येतो. तिला हे सगळं फार साधं वाटतं. वाटू दे. साधंच असायला हवं होतं ते.

तात्यांनी बादली खाली ठेवली आणि आम्हाला वर बोलावलं. बहुधा खिडकीतल्या लोकांसमोर त्यांना हा वाद मिटवायचा होता. टेबलाशी बसून त्यांनी मी सोबत आणलेलं पुस्तक उघडलं, शाईनं लिहिलेलं बघितलं आणि मार्ग काढला. घोड्याचं मत राहू दे, ते माहितीपर आहे. पण खाली नाव मुलीचं घालायचं, कारण सभासद ती आहे. बाकीची दोन मतं गाळायची. शाई पुसता येत नाही, तेव्हा हा कागद कापून नवा चिकटवतो. त्यांनी खणातून पातं काढलं. त्यांच्या दृष्टीनं ते खूप मोठं मन दाखवत होते, आणि खरं सांगते, मला तेव्हा ते पटलंही होतं. माझ्यामागं पुस्तकांचं कपाट होतं. तिसऱ्या फळीवरची सगळी पुस्तकं मी मनाशी ओळीनं लावून ठेवली होती, कुठलं आधी, कुठलं नंतर. मला फक्त कार्ड हवं होतं.

आई एवढा वेळ दाराशी उभी होती. ती पुढं आली, तात्यांच्या हाताखालून पुस्तक उचललं आणि पदरात गुंडाळलं.

“जिचं मत तिचं नाव,” ती म्हणाली. “पान कापणार नसला तर आणून देतो. न्हायतर आमच्याकडंच ऱ्हाऊ दे.”

तात्या म्हणाले, पुस्तक असं नेलं तर मुलीचं कार्ड रद्द होईल. आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “करा,” म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.

तो परतीचा रस्ता मला पावलापावलानं आठवतो. भजी तळायचा वास, तांबटांची ठोकठोक, स्टँडवर कन्नडमधून ओरडणारे कंडक्टर. चंद्राक्का घोड्याला हळूहळू चालवत होती, मध्येच त्याच्या छातीला हात लावून बघत होती, आणि घराजवळ आल्यावर मग तिनं त्याला थोडंथोडं पाणी पाजलं. शेवंता धावत आली आणि काय झालं ते ऐकून हसत सुटली. सगळ्या खूश होत्या. मी घरात जाऊन कोपऱ्यात बसले आणि रडले. त्यांचं काय गेलं होतं? त्यांना नावं मिळाली, आणि माझी तिसरी फळी गेली. तीन ओळींसाठी आईनं माझं अख्खं कपाट देऊन टाकलं होतं, तेही मला न विचारता. मी तिच्याशी बोलणार नाही असं ठरवलं, आणि इतक्या वर्षांनी सांगते, त्या दुपारचा तो राग माझ्या मनातून पुरता गेलेला नाही.

संध्याकाळी आई पुढच्या दिवसाची पानं भिजवत होती. ओल्या पानांचा वास घरभर झाला होता. तिनं हात पुसले, दुपारी आणलेलं पुस्तक काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. तो कागद उघडून म्हणाली, सगळ्यांचं वाचून दाखव. मी घुश्शात भराभर वाचलं. शेवंताचं, चंद्राक्काचं, तिचं.

“तुझं कुठं हाय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, माझं नाही. मला कुणी विचारलंच नाही. आज कार्ड गेलं तेव्हाही विचारलं नाही.

आई माझ्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, “व्हय. चुकलं माझं. आता इचारतो. तुला कसं वाटलं पुस्तक?”

मला तिला दुखवायचं होतं, म्हणून मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मला आवडलं. सगळं आवडलं. एडमंड आवडला, रडणं आवडलं, ते लग्नही आवडलं, आणि घोड्याला पाणी पाजते ते तर सगळ्यांत जास्त आवडलं. तुम्हाला काही कळत नाही. मला वाटलं ती चिडेल. ती चुलीपाशी गेली, फळीवरची दौत काढली आणि पुस्तकाशेजारी आणून ठेवली.

“मग तसंच लिही,” ती म्हणाली. “आमच्यासारखं कशाला लिवायला पायजे?”

मी लिहिलं. कागदावर आईच्या ओळीखाली दोन बोटं जागा उरली होती, तेवढ्यात बसवलं. ‘मला ही कादंबरी फार आवडली. चंद्राक्का आणि माझी आई यांची मतं मला मान्य नाहीत.’ रागारागानं लिहिलं, अक्षर वाकडं आलं. आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या वेळी मान हलवली, आणि पिवळं बोट त्या ओळीच्या शेवटी, कोऱ्या जागेवर ठेवलं.

“नाव घाल,” ती म्हणाली.